खुडूक

“ह्या अजगरानं माझ्या कोंबड्या खाल्ल्यात. आधी पोत्यात घाल त्याला,” चिमाक्का म्हणाली. सर्पमित्र स्वरूपा पोतं घेऊन पडक्या विहिरीच्या कठड्यापाशी बसली होती, पण पकडायचं नाव घेत नव्हती.

कठड्याच्या कपारीत वेटोळं घालून पडलेल्या अजगराचं अंग मधूनमधून थरथरत होतं.

“हिवताप भरलाय काय ह्याला?”

स्वरूपाने टॉर्च मारला. वेटोळ्याच्या मधोमध पांढरी अंडी दिसली. “मादी आहे, अक्का. रक्त थंडच तिचं, पण अंड्यांना ऊब मिळावी म्हणून अंग थरथरवते.”

चिमाक्काला हे पटलं नाही. स्वरूपा नको म्हणेस्तोवर तिने त्या अंगाला बोटं टेकवलीसुद्धा. पहाटेच्या गारठ्याने दगड गार पडले होते, अजगर मात्र कोमट होता.

“एके काळी सगळीच जनावरं थंड रक्ताची होती. अंगात ऊब आली ती अशी पिलांपायीच, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात,” स्वरूपा म्हणाली. “आता दोन महिने ही हलणार नाही, खाणारही नाही. उचलली तर अंडी गेली.”

चिमाक्काने हात मागे घेतला. अंड्यांवर खुडूक बसलेल्या कोंबडीला तिच्या घरात कुणी उठवत नसे. खुराड्यापाशी मोठ्याने बोललेलंही तिला खपत नसे.

“म्हणजे खुडूक बसलीय,” ती हळू आवाजात म्हणाली. “मग आधी सांगायचं की. गुंडाळ ते पोतं.”

घरी येऊन तिने खुराड्याला आणखी एक कडी बसवून घेतली. दोन महिन्यांची उपाशी बाळंतीण उठल्यावर पहिल्यांदा काय शोधते, हे तिला कुणी सांगायला नको होतं.