थोरली

थोरलीने चमचाभर कुस्करलेले केळे तोंडात घेतले आणि ते गालात तसेच धरून ती भिंतीकडे पाहत राहिली.

"गिळ," खुर्चीतली म्हातारी म्हणाली. "मला घाई नाही, केळ्याला आहे. काळं पडतंय ते."

थोरली हसली नाही. सहा वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तिच्या चेहऱ्याची एक बाजू कशालाच दाद देत नव्हती, आणि तोंडी दोनच शब्द उरले होते.

"आई गं."

नवे डॉक्टर लगबगीने पलंगावर वाकले. "कुठे दुखतंय, थोरल्या आजी?"

"दुखत नाही तिला काही," खुर्चीतून उत्तर आले. "सारखं चालूच असतं ते."

पलंगावर निजलेल्या बाईला घरात सगळे थोरली म्हणतात, हे पहिल्याच भेटीत कानी पडले, आणि डॉक्टरांनी खुर्चीत बसणारीचे नाव धाकट्या आजी ठरवून टाकले. तिने ते चालवून घेतले. नावे ठेवणाऱ्यांशी हुज्जत घालण्याचे तिचे वय केव्हाच सरले होते. शिवाय हुज्जतीला दम लागतो, आणि तिला तो दुसऱ्या कामासाठी राखून ठेवायचा होता.

काम एकच: थोरलीच्या आधी मरायचे नाही.

त्यासाठी ती रोज सकाळी भिंतीला धरून व्हरांड्यात फेऱ्या घाली, बिनमिठाचे जेवण मुकाट्याने जेवी, गोळ्या चुकवीत नसे. जगण्याची हौस म्हणावी, तर ती कधीच फिटली होती. बरोबरीचे सगळे गेले. भांडायलासुद्धा कोणी उरले नव्हते. पाठ टेकताना रोज वाटे, आता पुरे. मग पलंगावरून ते दोन शब्द येत, आणि सकाळी पुन्हा भिंत धरावी लागे. आपण गेलो तर थोरलीला कुठल्याशा आश्रमात ठेवतील, आणि तिथल्या परक्या माणसांना ते नुसते कण्हणे वाटेल, हे तिला पक्के ठाऊक होते.

"निर्णय आजच हवा," डॉक्टर म्हणाले. "अन्न घशाखाली उतरत नाही. पोटात नळी बसवली, तर थोरल्या आजी आणखी तीन-चार वर्षं काढतील. नाही बसवली, तर दिवस थोडे आहेत."

"तेवढ्यात ती उठून बसेल?"

"नाही."

"बोलेल?"

"आहेत तशाच राहतील."

"आणि मी?"

"तुमचं काय! खणखणीत आहात. शंभरी गाठाल."

"शाप कशाला देता, डॉक्टर?"

डॉक्टर हसले. म्हातारी हसली नाही. थोरलीला नळी पुढे नेईल, हे खरे. पण तोवर हिला कोण नेणार, याचे उत्तर वैद्यकात नव्हते.

इतक्यात फोन वाजला. मुलगा होता.

"आई, थोरलीनं काही घेतलं का पोटात?"

"गालात घेतलंय. पोटाचं अजून ठरतंय."

"नळीला हो म्हणू नकोस. तू तरी किती ओढणार? मी आलो असतो गं, पण हे गुडघे बदलल्यापासून तुझा जिना चढवत नाही."

"नको येऊस. म्हातारा झालास तू, जपून राहा," असे म्हणून तिने फोन ठेवला.

मग ती पुढे झुकली, थोरलीच्या गालात बोट घालून केळे बाहेर काढले आणि रुमालाने ओठ टिपले.

"नळी नको."

"नीट विचार केलात?"

"सहा वर्षं दुसरं काय केलं? तिचा हात धरून बसायला मी कधी कंटाळले नाही. पण माझाच हात आधी सुटला तर?"

डॉक्टरांनी बॅग आवरली. "खरं सांगू, धाकट्या आजी? मोठ्या बहिणीचं इतकं हल्ली कोणी करत नाही."

तिने रुमालाची घडी घातली.

"आई गं," पलंगावरून आवाज आला.

"ऐकलंत?" डॉक्टर दारात थांबून हलक्या आवाजात म्हणाले. "शेवटी माणसाला आईच आठवते. बाकी सगळं आपण करू हो. पण या वयात यांची आई आता कुठून आणायची?"

ती खुर्चीचे हात धरून उठली. पलंगापर्यंतचे अंतर तिने भिंतीला न धरता कापले.

"ओ, आले गं," ती म्हणाली, आणि थोरलीच्या कपाळावरचे विरळ केस तिने मागे सारले. एकोणऐंशी वर्षांपूर्वी सुईणीने ही पहिली लेक तिच्या कुशीत ठेवली, तेव्हाही ते इतकेच विरळ होते.