सॉनामागचा ढीग

एंडेलने सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, मागची ताडपत्री उचलली आणि चोरासारखं मागे वळून पाहिलं. बायको हेल्वे घरात होती. ताडपत्रीखाली काळाभोर, भुसभुशीत ढीग. तिने गुपचूप दलदलीतलं पीट, रोपांना मानवणारी ती काळी माती, आणून ठेवलंय, हे त्याने केव्हाच ताडलं होतं. आज त्याने त्यात घमेलं खुपसलं.

दुसरं करणार काय? प्रार्थनाघरात भजन संपलं की श्रद्धेची साक्ष द्यायला उठणाऱ्यांत हा पहिला. "देवाने हजारो वर्षं घडवलेली दलदल मी कुंड्यांत भरणार नाही," असं त्याने सांगितलं, तेव्हा बायकांनी डोळे पुसले होते. मग पाइनची साल आणि लाकडाचा भुसा कालवून त्याने ब्लूबेरीची रोपं लावली. साक्ष रोपांपर्यंत पोचली नसावी. कावीळ झाल्यासारखी ती पिवळी पडली. दोन वर्षांपूर्वी असंच झालं, तेव्हा सगळं मिश्रण त्याने रागाने सॉनाशेजारच्या झुडपांत भिरकावलं होतं. यंदा तर 'पीटविना वाढलेली रोपं' ही पाटीही रंगवून तयार होती.

चोरीच्या काळ्या मातीत रोपं बघता बघता तरारली.

व्होरू गावच्या रोपबाजारात त्याच्या मेजाभोवती गर्दी झाली. प्रार्थनाघरातले थोरले, वोल्डेमार, एक रोप हातात घेऊन कौतुकाने बघत होते. "एंडेलभाऊ, रविवारी पुन्हा साक्ष द्या. मी भजन धरतो, मागोमाग तुम्ही उठा."

भजनाचं नाव निघालं आणि एंडेलचा धीर सुटला. पोटात खोटं ठेवून वरच्या पट्टीत गाणं त्याला कधीच जमलं नव्हतं. त्याने पाटी पालथी घातली.

"ही पीटमध्येच वाढलीत, थोरले. हेल्वेच्या ढिगातून चोरलं मी. देवापेक्षा पिवळ्या पानांना जास्त भ्यालो."

मागे राय धान्याच्या पावाला लोणी लावत बसलेल्या हेल्वेने मान वर केली. "माझा कुठला ढीग?"

"सॉनामागचा. ताडपत्रीखालचा."

"तो होय. अरे, तो तुझाच भुसा. झुडपांत फेकलास ना, तोच. गेल्या शरदात वास सोसेना, म्हणून ओढून गोळा केला आणि झाकून टाकला. पीट कशाला आणू मी?"

एंडेलने कपाळावर हात मारला. म्हणजे चोरी केली ती आपल्याच घरात, आपल्याच मालाची. आणि बोंब मारली ती भर बाजारात.

"पण भुसा तो भुसाच," तो पुटपुटला. "चिमूटभर खत घातलं नव्हतं मी. एवढा कस आला कुठून?"

हेल्वेने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग वोल्डेमारांकडे. "दर शनिवारी सॉनात घाम गाळायचा, बर्च झाडाच्या रसाचे मगावर मग रिचवायचे, आणि भजनं म्हणत प्रार्थनाघरातला एकेक भाऊ त्या झुडपांत जाऊन यायचा. दीड वर्ष. मला विचारतोस कस कुठून आला?"

वोल्डेमारांनी हातातलं रोप हळूच मेजावर ठेवलं. बोटं रुमालाला पुसली, पाटी सुलटी केली आणि घसा खाकरला.

"रविवारी साक्ष नको, एंडेलभाऊ," ते म्हणाले. "नुसतं भजनच म्हणू."