चार अंश

"ही ओळ खोड आधी," अर्जावर बोट ठेवत मामा म्हणाला. "दवाखान्यातून हाकलल्याचं पशुवैद्यकीय कॉलेजला कशाला सांगायचं?"

मी ती खोडली नाही. जनावरांच्या दवाखान्यातली ती नोकरी मामाच्याच ओळखीने लागली होती. लसींच्या फ्रिजवर तक्ता टांगलेला होता. रोज तापमान बघून लिहायचं, हा नियम. डॉक्टरांची पद्धत वेगळी. सोमवारीच आठवडाभराचे आकडे भरून मोकळं व्हायचं. चार अंश, चार अंश, चार अंश. दोन महिने मीही मुकाट्याने भरले.

मग एकदा शनिवारी गेलेली वीज सोमवारी सकाळी आली. फ्रिजमधल्या लसी कोमट झाल्या होत्या. तक्त्यावर रविवारच्या चौकोनात मात्र माझ्याच अक्षरात चार अंश. "होतील परत गार," म्हणत डॉक्टरांनी कुत्र्याच्या पिल्लासाठी सुई भरली. पिल्लाच्या मालकिणीला मी त्यांच्यादेखत सगळं सांगून टाकलं. सुई टोचायच्या आत ती पिल्लू उचलून निघून गेली. दुपारच्या आत मी रस्त्यावर होते.

"आणि शिफारशीसाठी त्यांचाच नंबर?" मामाने कपाळावर हात मारला. "काय बोलतील ते तुझ्याबद्दल?"

"वाईटच बोलतील. बोलू देत. मग कॉलेजवाले मला कारण विचारतील."

"निदान तू आकडे भरलेस, ते तरी लिहू नकोस गं!"

नोकरी सुटण्याच्या कारणासाठी जागा अपुरी होती. मी बारीक अक्षरात लिहिलं, "कोमट लस टोचू दिली नाही, म्हणून काढलं. त्याआधी दोन महिने फ्रिज न उघडता मीच तक्ता भरत होते. हा अर्ज मात्र बघून भरला आहे."