गोड्या पाण्याची नळी

साल २०१६, सप्टेंबर महिना. मांजरेकाठच्या त्या गावात शाळेच्या गच्चीवर नेत्रावतीबाई बारा लेकरं घेऊन उभी होती आणि पाणी खिडक्यांच्या वर गेलं होतं.

दुपारी संतपूरच्या बाजूनं टेम्पोत घालून अंकुशरावांची बोट आली. ते तलावात मासे धरायचा ठेका घ्यायचे. बोट आली, पण ती चालवणारा माणूस वाहून गेलेल्या पुलापलीकडे अडकला.

साऱ्या गावानं एकाच माणसाकडे पाहिलं. शिवय्या. नेत्रावतीचा बाप. बावीस वर्षं मंगळूरच्या बंदरावर काढून आलेला.

येताना त्यानं तिकडून फक्त एक लांब नळी आणि दोन रबरी वाट्या आणल्या होत्या. बोट समुद्रातून आली की इंजिनाच्या पाणी ओढणाऱ्या भोकांवर त्या वाट्या बसवायच्या आणि नळीनं गोडं पाणी सोडायचं. आतलं मीठ धुऊन निघतं. आपल्याकडे कुठला समुद्र आणि कुठलं मीठ? तरी तो दर सोमवारी ती नळी पुसून पुन्हा खुंटीला टांगायचा.

पारावरची लेकरं त्याला छळायची. "आज्जा, समुद्र कसा असतोय?"

"खारट. इंजिनावर पांढरा थर बसतो."

"अन् लाटा?"

"धक्क्यावर येऊन फुटतात."

त्यापुढे एक शब्द नाही. ज्यानं समुद्र पाहिलाय तो असाच कमी बोलतो, असं गाव म्हणायचं.

शिवय्यानं घरून नळी आणली, खांद्यावर टाकली आणि बोटीकडे निघाला. थोरली बहीण ईरम्मा चिखल तुडवत आली. तिनं त्याचं मनगट धरलं.

"तू? तू चाललास?"

"पोरगी वर हाय, अक्का."

तिनं मनगट सोडलं.

गावातला भीमण्णा बांबू घेऊन पुढे बसला. दोरीच्या दुसऱ्या ओढीला इंजिन बोललं.

"डावीकडं, अण्णा! बाभळ हाय, बाभळ!"

शिवय्या समोर बघतच नव्हता. इंजिनाच्या मागून ते थंड ठेवणाऱ्या पाण्याची बोटभर धार पडते, तेवढ्यावर त्याची नजर. ओठ हलत होते.

"अण्णा, इंजिन एवढं हलायलंय का तुमी?" भीमण्णानं मागे वळून विचारलं.

"इंजिन."

काठावरची माणसं थक्क होऊन बघत होती. एवढा पूर, आणि हा माणूस पाण्याकडे ढुंकूनही बघत नाही!

पहिल्या फेरीत पाच लेकरं आली. दुसऱ्या फेरीत पाच. पण येताना धार बारीक झाली आणि काठाजवळ ठिबकायला लागली. शिवय्यानं इंजिन बंद केलं. काठावर उभा असलेला पाण्याचा टँकर जवळ घ्यायला लावला. गावात पिण्याचं पाणी तेवढंच उरलं होतं.

अंकुशराव ओरडले, "लेकरं सकाळपासून तहानलेली, अन् गोडं पाणी इंजिनाला?"

"आत गाळ बसलाय. न्हाई धुतलं तर मधीच बंद पडंल."

गच्चीच्या कठड्याला पाणी लागलं होतं. नेत्रावतीनं एक पोर खांद्यावर घेतलं होतं, दुसरं कडेवर. शिवय्यानं वाट्या बसवल्या, नळी जोडली, इंजिन चालू केलं आणि उभा राहिला. आधी काळा चिखल आला, मग तांबूस पाणी, मग नितळ. दहा मिनिटं. त्याची स्वतःची पोटची पोरगी समोर बुडायला आलेली; ईरम्मा तोंडाला पदर लावून बसलेली. याचे हात मात्र एकदाही थरथरले नाहीत.

तिसऱ्या फेरीत दोन लेकरं आणि नेत्रावती आली. बोट काठाला लागली तेव्हा मागे गच्ची दिसत नव्हती.

शिवय्या उतरला आणि दोन्ही तळवे मातीत रोवून बसला. भूमातेला नमस्कार करायलाय, असं म्हणत चार जण त्याच्याच पाया पडले. ईरम्मानं त्याच्या डोक्यावर आपला पदर टाकला.

नेत्रावती आता चिटगुप्प्याला हेडबाई आहे. त्या बारांतली एक मुलगी बिदरला नर्स झाली. अंकुशरावांनी बोट विकली, इंजिन ठेवून घेतलं. भीमण्णा अजून ती गोष्ट सांगतो आणि दर वेळी पूर हातभर वाढतो. ईरम्मा तीन वर्षांनी गेली, त्या दिवसाबद्दल कधी चकार शब्द न काढता.

शिवय्या २०२२ साली झोपेतच गेला. त्याच्या दिवसकार्याच्या जेवणाला प्रशांतकुमार आला. मूळचा चिटगुप्प्याचा, बंदरावरचा त्याचा जोडीदार. पंगतीत लोकांनी त्याला तिन्ही फेऱ्या सांगितल्या. त्याचा घास हातातच राहिला.

"बोटीत? शिवय्या?" तो म्हणाला. "बावीस वर्षं तो धक्क्यावर नळी धरून उभा होता. पाण्याला एवढा भ्यायचा, की बांधून ठेवलेल्या बोटीतसुद्धा त्यानं कधी पाय टाकला न्हाई."