चौऱ्याण्णवावा दिवस

"चौऱ्याण्णव," व्हर्ना म्हणाली. कॅलेंडरवरून पेन्सिल फिरवत तिने पुन्हा मोजलं. चौऱ्याण्णवच.

खिडकीपलीकडच्या बाईचा चेहरा उतरला. लेनोर टॅकेट, वय छत्तीस. पिस्तूल बाहेर गाडीत होतं आणि बाळगायचा परवाना टेक्सासचा.

"कोलोरॅडोत राहायला आल्यावर बाहेरचा परवाना नव्वदच दिवस चालतो, बाई. इथला मिळेपर्यंत पिस्तूल घरी ठेवा."

"कधी मिळेल?"

"ठसे, चौकशी... दोन-तीन महिने धरा."

"तेवढा वेळ नाही माझ्याकडे."

ती हे इतक्या हळू म्हणाली की व्हर्नाने पेन्सिल खाली ठेवली. शेरीफच्या कचेरीतल्या या खिडकीवर तिची एकोणीस वर्षं गेली होती.

"नवरा?"

लेनोरने होकारार्थी मान हलवली. "चार वर्षांत हे पाचवं घर."

बोलताना तिने बाही खाली ओढली. तरी व्हर्नाला मनगटावरचे डाग दिसलेच. उकळतं तेल उडाल्यासारखे, बारीक, गोल.

"देवा रे! आणि मुलं?"

"एकच. पॉली." पहिल्यांदाच ती हसली. तिने फोनवरचा फोटो दाखवला. पुढचे दोन दात पडलेली चिमुरडी. "आठ वर्षांची आहे. आज शाळेतून आणायला जायचंय तिला. शाळेच्या आवारात पिस्तूल गाडीत असलं तर चालतं ना?"

"कुलपात असेल तर चालतं. पण परवाना चालू हवा."

"आणि वाटेत पोलिसांनी अडवलं तर?"

व्हर्नाने कॅलेंडर पुन्हा पुढे ओढलं. मागून जाता जाता बॉइड हवालदाराने तिच्या कॉफीच्या कपात डोकावून पाहिलं.

"अजून बिनसाखरेचीच का गं? आणि आजचं सत्कृत्य झालं? नसेल तर माझी गाडी धुऊन टाक."

"तुझी गाडी धुवायची म्हणजे ईस्टर उजाडेल, बॉइड. जा तू."

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस साखर वर्ज्य आणि रोज एक तरी सत्कृत्य, हा व्हर्नाचा आईपासून चालत आलेला नेम. आजचं अजून व्हायचं होतं.

"घराचा करार कधीचा, पोरी?"

"अठरा डिसेंबर. त्याआधी आठ दिवस मोटेलात होते."

"मोटेलात कुणी राहायला येतं का? तिथे माणूस नुसता मुक्काम करतो." व्हर्नाने अर्जावर राहायला आल्याच्या तारखेतला दहा खोडून अठरा केला. "झाले शहाऐंशी. अजून चार दिवस तुझा परवाना चालू आहे. कुणी अडवलं तर अर्जाची ही पावती दाखव."

लेनोरने दोन्ही हातांनी तिचा हात धरला. "चार दिवस खूप झाले."

ती गेल्यावर व्हर्नाने डोळे मिटले आणि मायलेकींसाठी प्रार्थना केली. कितीतरी दिवसांनी कडू कॉफी गोड लागली.

थोड्या वेळाने एक माणूस धापा टाकत खिडकीशी आला. डावा कान आकसलेला, मानेवरची कातडी भाजून सुरकुतलेली.

"टेक्सासच्या कोर्टाचा हुकूम आहे, बाई. इथे नोंदवायचा राहिला होता. शाळेत द्यायला शिक्क्याची प्रत हवीय, आत्ताच्या आत्ता."

"दम घ्या. झालं काय?"

"काल शाळेबाहेर टेक्सासची नंबरपाटी असलेली गाडी उभी होती. आज सकाळी मुलीने सांगितलं." त्याचा हात नकळत मानेकडे गेला. "घरं बदलून बदलून थकलो. आम्हाला शोधून काढतेच ती. मागच्या खेपेला म्हणाली, पोरगी मला मिळणार नसेल तर कुणालाच मिळायची नाही. कढईभर तेल फेकलं होतं अंगावर. पोरगी तेव्हा जेमतेम सहा वर्षांची."

"मुलगी कुठे आहे आता?"

"शाळेत. तीनला सुटते. इथून थेट तिकडेच जातोय."

व्हर्नाने कागद ओढून घेतला. कुणापासून संरक्षण, त्या रकान्यात लेनोर टॅकेट हे नाव होतं.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.