विसावा सामना

कामठ्याचा फुटबॉल संघ जिल्हा लीगच्या खालच्या गटात सलग एकोणीस सामने हरला नव्हता, आणि पतिरामजींनी त्यातला एकही चुकवला नव्हता. विसाव्या सामन्याच्या दिवशी मात्र ते गोंदियाच्या दवाखान्यात होते. ऑपरेशनला चार बाटल्या रक्त लागलं. पुतण्या खुशालने सकाळीच धावपळ करून त्याची सोय लावली. संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर त्यांनी लेकीला, संध्याला, हळूच विचारलं, "जितले ना आपले पोट्टे?"

संघ पाच गोलांनी हरला होता. ती म्हणाली, "हो बाबा."

दुसऱ्या दिवशी ते गेले. बाबांशी बोललेला आपला शेवटचा शब्द खोटा होता, याची लाज तिला गिळवेना. तिरडी बांधायला आलेल्या खेळाडूंवर तिने ती काढली.

"काल मॅच खेळून राहिले होते का वरातीत चालून राहिले होते रे? पायात जीव नव्हता का तुमच्या?"

कप्तान प्रफुलने मान खाली घातली. "चुकलं ना ताई."

तेरवीच्या दिवशी तिने खुशालला विचारलं, "रक्त कोणी दिलं होतं? त्यांचे आभार मानायचे राहिले."

"प्रफुलनं अन् टीममधल्या तिघांनी. डॉक्टर म्हणत होते, आज पळू नका. तर पोट्टे म्हणे, काकाजी डोळे उघडले का पहिले स्कोअरच विचारतीन. खेळलोच नाही तर संध्याताई त्यायले सांगन काय?"