मतलईच्या विरुद्ध

जानेवारी असून मच्छीमार नगरात चैत्रासारखं ऊन पेटलं होतं. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा कोरडा मतलई वारा एरवी दुपारपर्यंत पडतो. यंदा तो तीन दिवस पडलाच नव्हता. इंजिन बंद पडलेली हितेंद्रची होडी याच वाऱ्यानं खोल समुद्रात लोटली होती. शोधायला गेलेल्या बोटी हात हलवत परतल्या. त्याची आई धुरपती मात्र किनाऱ्यावरून हलली नाही.

"येईल माझा पोर," एवढंच ती म्हणे.

चौथ्या दुपारी शेजारची अक्षदा ओरडली, "मावशी, होडी! हितेंद्रदादाचीच!"

सगळी वस्ती धावली. टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी थाळीच बडवायला घेतली. धुरपतीचा पदर समुद्राच्या दिशेनं फडफडत होता. होडीवरचं निशाण मात्र किनाऱ्याच्या दिशेनं ताठ उभं होतं.

ते ध्यानात आलं तसा एकेक आवाज बंद पडला. वल्ही आत आडवी होती, इंजिन पाण्याबाहेर उचललेलं होतं. तरी होडी पाणी कापत सरळ येत होती.

धुरपती गुडघाभर पाण्यात शिरली. हितेंद्रनं उडी टाकून तिला मिठी मारली. त्याचे ओठ फुटले होते, पण तो हसत होता.

"बघा रे! आला माझा पोर!" ती वस्तीकडे वळून गरजली.

"आये," तो हळूच म्हणाला, "जरा बाजूला हो. त्यांना उतरू दे."

धुरपतीनं रिकाम्या होडीकडे पाहिलं. मग ती ताठ मानेनं बाजूला सरली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "या!"

होडी एका अंगाला कलली.